फिनलंडच्या जंगलातल्या उघड्या लाकडी हटमध्ये पहिल्यांदा राहायला जाताय? मग आधी हे वाचा

मी सहा वर्षं फिनलंडमध्ये, एस्पोला राहतेय, त्याआधी पुण्यात असताना सह्याद्रीत भरपूर भटकलेय. त्यामुळे फिनलंडच्या उत्तरेला जंगलात लाकडी हट आहेत, कुलूप नाही, बुकिंग नाही, भाडं नाही, चालत जायचं आणि राहायचं, असं ऑफिसमधल्या एकीकडून ऐकलं तेव्हा वाटलं की राजगडावर पद्मावतीच्या देवळात झोपलोय, हे काय वेगळं असणार. पहिल्या सप्टेंबरात मी आणि नवरा दोघंच निघालो, टेंट घेतला नाही कारण हट आहेच ना, आणि दिवसभर पावसात चालून संध्याकाळी सात वाजता पोचलो तर आत आधीच सात जण, फळीवर मॅटला मॅट लागलेली. मी दारातच उभी, पाणी निथळतंय, काय बोलावं कळेना. एक साठीच्या आजी उठल्या, काही न बोलता स्वतःची मॅट भिंतीकडे सरकवली, बाकीच्यांनीही सरकवल्या, आणि स्टोव्हवरच्या दोरीवरचे वाळलेले मोजे काढून आम्हाला दोरी मोकळी करून दिली. मग चहा देताना त्यांनी नियम सांगितला: इथे हक्क शेवटी येणाऱ्याचा. जो आधी आलाय त्याची विश्रांती झालीये, जो आत्ता आलाय तो भिजलाय, दमलाय.

हा एक नियम नीट समजला की बाकी सगळं त्यातूनच उलगडत जातं. त्यानंतर आम्ही उन्हाळ्यात, मार्चच्या बर्फात असे बऱ्याच वेळा गेलो. ओळखीतले लोक सारखे तेच ते प्रश्न विचारतात म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहून ठेवतेय. मी उदाहरणं देणार ती उर्हो केक्कोनेन नॅशनल पार्कची, कारण तोच मला नीट माहितीये. १९८३ साली झालेला पार्क आहे, १९५६ ते १९८२ राष्ट्राध्यक्ष असलेल्या केक्कोनेन यांचं नाव दिलेला, साधारण २,५५० चौरस किलोमीटर, म्हणजे चालत संपणारी जागा नाही.

१. आधी कुठल्या प्रकारची हट आहे ते ओळखा

नवीन लोकांची सगळ्यात मोठी गडबड इथेच होते. नकाशावर सगळ्या हट सारख्याच दिसतात पण प्रकार वेगळे आहेत, आणि नावं फिनिशमध्ये असल्यामुळे आपण लक्ष देत नाही. तर चार शब्द पाठ करून टाका.

आउतिओतुपा म्हणजे उघडी हट. फुकट, कुलूप नाही, एक किंवा फार तर दोन रात्री राहायचं आणि पुढे निघायचं. ही स्वतःच्या पायांनी किंवा स्कीवर येणाऱ्या छोट्या ग्रुपसाठी आहे. पंधरा जणांची गँग घेऊन जायची ही जागा नाही, आणि पैसे घेऊन टूर नेणाऱ्यांना तर इथे मुक्काम करता येत नाही.

वाराउस्तुपा म्हणजे आधी बुक करायची हट. इथे बेडप्रमाणे पैसे भरायचे, किल्ली किंवा कोड घ्यायचा. गादी असते, बऱ्याच ठिकाणी भांडी असतात. तुम्ही पूर्ण हट नाही तर बेड बुक केलाय, त्यामुळे बाकीच्या बेडवर दुसरं कोणी असू शकतं. कधी कधी एकाच इमारतीचा अर्धा भाग उघडा आणि अर्धा कुलपातला असतो, तेव्हा कुलूप बघून घाबरून परत फिरू नका, दुसऱ्या बाजूचं दार बघा.

पाइवातुपा म्हणजे दिवसाची हट. डबा खायचा, गरम व्हायचं, निघायचं. रात्री राहायची परवानगी फक्त खरोखरच्या अडचणीत. आम्ही पहिल्या ट्रिपच्या प्लॅनमध्ये रात्रीचा एक मुक्काम चक्क अशा हटमध्ये टाकला होता, निघायच्या आदल्या दिवशी लक्षात आलं आणि सगळा रूट बदलावा लागला.

लावू म्हणजे तीन बाजूंनी बंद, पुढून उघडा असा लाकडी आडोसा, समोर शेकोटीची जागा. उन्हाळ्यात मस्त, डास नसतील तर.

या बहुतेक हट मेत्साहालितुस ही सरकारी संस्था सांभाळते, आणि लुओन्तोन या त्यांच्या साईटवर प्रत्येक हटचं पान आहे, तिथे प्रकार, किती जण झोपू शकतात, गॅस आहे का, पाणी कुठे, सगळं असतं. जायच्या आठवड्यात ते पान पुन्हा बघा, दुरुस्तीसाठी हट बंद असेल तर तिथेच कळतं.

२. सीझन ठरवा, बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे

पहिल्यांदा जात असाल तर माझं स्पष्ट मत: ऑगस्टचा शेवटचा आठवडा ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत. डास जवळपास संपलेले, जमीन कोरडी, रात्री पुरेशा काळ्या त्यामुळे अरोरा, म्हणजे आकाशातला तो रंगीत उजेड, दिसायची शक्यता, आणि सप्टेंबरात रुस्का, म्हणजे बुटक्या बर्चची आणि जमिनीवरच्या झुडपांची पानं लाल-पिवळी-केशरी होतात तो काळ. तोटा एकच, सगळा फिनलंड त्याच वेळी येतो, हट भरलेल्या असतात.

जूनच्या मध्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत सूर्य मावळत नाही आणि डासही मावळत नाहीत असंच म्हणावं लागेल. इथल्या लोकांनी त्या डास-चिलटांच्या काळाला वेगळं नाव ठेवलंय, राक्का, यावरून समजा. डोक्यावरून घ्यायची जाळी घेतल्याशिवाय जुलैत जाऊच नका.

मेमध्ये जाऊ नका. बर्फ अर्धवट वितळलेला, पाय मांडीपर्यंत आत जातो, ओढ्यांना पूर आलेला, ना स्की चालतात ना बूट. फोटोंत मे महिना सुंदर दिसतो म्हणून मुद्दाम सांगतेय.

मार्च-एप्रिल हा स्कीवाल्यांचा लाडका सीझन, दिवस मोठा, बर्फ घट्ट, ऊन कडक. पण हे दुसऱ्या-तिसऱ्या ट्रिपसाठी. डिसेंबर-जानेवारी मात्र नवीन माणसाने एकट्याने अजिबात नको. डिसेंबरच्या सुरुवातीपासून जानेवारीच्या साधारण १० तारखेपर्यंत तिथे सूर्य क्षितिजावर येतच नाही आणि उणे ३० सहज होतं. फिनलंडचा रेकॉर्ड उणे ५१.५ आहे, किट्टिला भागात, जानेवारी १९९९ मध्ये. अशा थंडीत घोटा मुरगळणं हीसुद्धा जिवावरची गोष्ट होते. अरोरा बघायचाच असेल तर त्या दिवसांत गावातली गरम कॅबिन भाड्याने घ्या, त्यात काही कमीपणा नाही.

३. कागदपत्रं

फिनलंडमध्येच राहत असाल तर रेसिडन्स कार्ड आणि बँक कार्ड, संपलं. भारतातून येणाऱ्यांसाठी:

- शेंगेन व्हिसा. प्रवासाच्या ६ महिने आधीपासून अर्ज करता येतो, किमान १५ दिवस आधी तरी करावाच लागतो, पण सप्टेंबरसाठी जून उजाडायच्या आत सुरुवात करा. मोठ्या माणसाची फी ९० युरो.
- पासपोर्ट, परतीच्या तारखेनंतर किमान ३ महिने वैध.
- ट्रॅव्हल इन्शुरन्स, किमान ३०,००० युरोचं कव्हर. ट्रेकिंग त्यात धरलंय का ते पॉलिसी उघडून वाचा, एजंटच्या तोंडी शब्दावर राहू नका.
- वाराउस्तुपा बुक केली असेल तर कन्फर्मेशनची प्रिंट.

व्हिसाच्या अर्जात राहायच्या जागेचा पुरावा लागतो आणि उघड्या हटचं बुकिंग असं काही नसतंच, तिथे लोक अडकतात. माझ्या मावसभावाने शहरातल्या आणि गावातल्या रात्रींचं हॉटेल बुकिंग जोडलं, मधल्या रात्रींसाठी वाराउस्तुपाचं कन्फर्मेशन जोडलं आणि सोबत एका पानावर रोजचा कार्यक्रम लिहून दिला, त्याचं काम झालं.

आणि एक, पार्कची पूर्वेची बाजू रशियाच्या सीमेला लागून आहे. सीमेलगतच्या पट्ट्यात परवान्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. नकाशावर तो पट्टा दाखवलेला असतो, जमिनीवर पिवळ्या खुणा आणि पाट्या असतात. नवीन माणसाने त्या बाजूला फिरकायचं काही कारणच नाही.

४. पोचायचं कसं आणि पहिला रूट कुठला

हेलसिंकीहून रात्रीची ट्रेन रोवानिएमीला, साधारण १२ तास, आणि तिथून बस पार्कच्या कडेच्या सारिसेल्का गावाकडे, साडेतीन-चार तास. किंवा सरळ विमानाने इवालो, दीड तास, तिथून सारिसेल्का अर्ध्या तासावर. मला ट्रेन आवडते कारण गॅसचा डबा विमानात नेता येत नाही, आणि उतरल्यावर रविवारी संध्याकाळी छोट्या गावात गॅस शोधत फिरणं नको. विमानाने गेलात तर पहिलं काम गॅस किंवा स्पिरिट विकत घेणं, मग बाकीचं.

पहिल्यांदा कीलोपाहून सुरुवात करा. तिथे हायकर्ससाठी सेंटर आहे, जेवण मिळतं, परत आल्यावर सॉना मिळतो, सामान भाड्याने मिळतं. काही बस तिथपर्यंत जातात, नाहीतर मेन रोडच्या फाट्यावर उतरून ६ किलोमीटर आत. तिथून नीलानपावरून सुओमुनरुओक्तुची हट साधारण दहा-बारा किलोमीटर. आपल्या हिशोबाने हे काहीच नाही, पण पाठीवर १५ किलो घेऊन, दगडधोंड्यांतून, वाऱ्यात चाललात की चार-पाच तास जातात. एक रात्र तिथे, दुसऱ्या दिवशी परत. आवडलं, पाय ठीक आहेत, तर पुढच्या वेळी तसंच पुढे तुइस्कुकुरुवरून लुइरोयार्वीपर्यंत जा, कीलोपाहून एका बाजूचं साधारण ३० किलोमीटर, दोन दिवसांत आरामात होतं. लुइरोयार्वी हा सोकोस्तीच्या पायथ्याचा तलाव आहे, सोकोस्ती ७१८ मीटर, पार्कमधला सगळ्यात उंच डोंगर, आणि तलावाकाठी लाकडावरचा सॉना आहे. ३० किलोमीटर चालून त्या सॉनात बसायचं आणि मग तलावात उतरायचं, या सुखाबद्दल मी लिहायला लागले तर लेख तिथेच अडकेल. फक्त साबण तलावात नेऊ नका, अंग धुवायचं ते पाण्यापासून लांब, बादलीने.

५. सामान

मोठी यादी देत नाही, ती सगळीकडे मिळते. जे आपल्या लोकांकडून हमखास राहतं किंवा चुकतं तेवढंच सांगते.

- टेंट. हो, हट असली तरी. हटचा भरवसा धरून टेंट न नेणं हीच माझी पहिली चूक. हट भरलेली असेल, वाटेत कोणाचा पाय दुखावला, अंधार झाला, तर टेंट हवाच. हटच्या आजूबाजूला टेंट लावता येतो, आणि खरं सांगू का, घोरणारे चार जण आत असतील तर टेंटमध्येच बरी झोप लागते.
- स्लीपिंग बॅग आणि मॅट. उघड्या हटमध्ये गादी, उशी, पांघरूण काही नसतं. लावेरी म्हणतात ती एक सलग रुंद फळी असते, त्यावर सगळे ओळीने झोपतात. सप्टेंबरात रात्री शून्याखाली जातं, त्यामुळे शून्य कम्फर्टची बॅग तरी हवी. लेबलवर दोन आकडे असतात, कम्फर्टचा बघायचा. दुसरा जो आणखी थंड आकडा असतो त्यावर विश्वास ठेवून थंडीत कुडकुडलेले लोक मी बघितलेत.
- कॉटन नको. जीन्स, सुती बनियन, सुती मोजे, काहीच नको. भिजलं की दोन दिवस वाळत नाही. लोकरीचे मोजे तीन जोड, त्यातली एक जोड फक्त झोपायला, ती काही झालं तरी ओली होऊ द्यायची नाही.
- स्वतःचा स्टोव्ह. काही हटमध्ये गॅसची शेगडी असते पण सिलिंडर संपलेला असू शकतो. थंडीत साधा ब्युटेन गॅस नीट पेटत नाही, विंटर मिक्स घ्या, किंवा इथले लोक वापरतात तसा स्पिरिटवर चालणारा ट्रॅंजिया.
- कागदाचा नकाशा १:५०,००० चा, आणि होकायंत्र. फोनवरही नकाशा ऑफलाईन डाऊनलोड करून ठेवा. रेंज डोंगराच्या माथ्यावर येते आणि नेमकी हटजवळ, खोलगटात, जाते.
- हेडलॅम्प, मेणबत्त्या दोन, माचिस दोन ठिकाणी प्लास्टिकमध्ये बांधून. हटमध्ये वीज नसते.
- टॉयलेट पेपर. तिथे नसतो असं धरून चाला.
- कचऱ्यासाठी मजबूत पिशवी. पार्कमध्ये कचऱ्याचा डबा नाही, एकही नाही. जे नेलं ते परत आणायचं.

जेवणाचं थोडं जास्त सांगते कारण आपलं सगळं लक्ष तिथेच असतं. तयार सुक्या जेवणाची पाकिटं मिळतात, महाग असतात आणि तिसऱ्या दिवशी नको होतात. मी घरून पिठल्याचं मिक्स करून नेते: बेसन कोरडंच मंद आचेवर वास सुटेपर्यंत भाजायचं, त्यात तिखट, मीठ, हळद, हिंग, जिरेपूड, वाळवलेला कांदा आणि लसूण पावडर. हटवर पाणी उकळलं की पेल्यात गार पाण्यात कालवून आत सोडायचं, पाच मिनिटांत पिठलं. भाकरीच्या जागी इथली राईची कडक, चपटी, कुरकुरीत नाक्किलेइपा, ती हलकी असते, मोडली तरी चालते आणि पिठल्याबरोबर इतकी छान लागते की एकदा हटमधल्या तिघा फिनिश कॉलेजच्या पोरांनी पातेलं पुसून खाल्लं. सोबत मेतकूट, चटणी, शेंगदाण्याचे लाडू, चिक्की. डाळ-तांदळाची खिचडी नको, शिजायला फार गॅस जातो, पोहे बरे. आणि हटच्या आत फोडणी करू नका. बंद खोलीत मिरचीचा ठसका उठतो, तेलाचा वास सगळ्यांच्या स्लीपिंग बॅगांना लागतो आणि तो आठवडाभर जात नाही. फोडणीचं तेल घरूनच करून छोट्या बाटलीत न्या.

पाणी ओढ्याचं किंवा तलावाचं. साधारणपणे स्वच्छ असतं, मी तरी उकळूनच पिते.

६. हटवर पोचल्यावर

दार बंद दिसलं तरी कडी काढून आत जा, कोणाची परवानगी नको. बूट दाराशी. आत कोणी असेल तर "मोई" म्हणा, जागा आहे का विचारा, जागा केली जाईल. आपल्याकडे जशी पाच मिनिटांत सगळी माहिती निघते, कुठले, काय करता, लग्न झालं का, तसं इथे नको. लोक गप्प असतात आणि ते गप्प राहणं म्हणजे राग नाही. फोनवर गाणी नकोत, इयरफोन लावा.

मग वही. प्रत्येक हटमध्ये टेबलावर किंवा खिडकीत एक वही असते. त्यात तारीख, नाव, किती जण, कुठून आलात आणि पुढे कुठे जाणार हे लिहा. ती फक्त आठवणींची वही नाही, कोणी हरवलं तर शोधणारे पहिल्यांदा तीच उघडतात. मराठीत चार ओळी लिहायला हरकत नाही, पण नाव आणि पुढचा मुक्काम रोमन लिपीत लिहा.

स्टोव्हच्या वरच्या दोरीवर ओलं वाळत घालायचं, पण आपलं वाळलं की काढून ठेवायचं, मागून येणाऱ्याला दोरी लागणार आहे. सामान फळीभर पसरवून ठेवू नका. रात्री नऊ वाजताही कोणी येऊ शकतं.

७. कामीना पेटवणं

कामीना म्हणजे लोखंडी शेगडी, धुराडं छतातून वर गेलेलं. चुलीवर वाढलेल्या माणसालाही ही पहिल्यांदा त्रास देते, म्हणून नीट लिहितेय.

भिंतीवर त्या हटच्या स्टोव्हच्या सूचना लावलेल्या असतात, त्या आधी वाचा. मग धुराड्याला पत्र्याची झडप आहे का बघा. काही ठिकाणी असते, काही ठिकाणी नसते. असेल तर पूर्ण उघडा. मग आत राख किती साचलीये बघा, फार असेल तर लोखंडी बादलीत काढा. राखेत निखारा तासन्‌तास जिवंत राहतो, त्यामुळे ती बाहेर शेवाळावर ओतायची नाही आणि संडासात तर अजिबात नाही.

लाकूड लाकूडशेडमध्ये असतं, करवत आणि कुऱ्हाड तिथेच. ओंडके असतील तर फोडून घ्यावे लागतात. कुऱ्हाड चालवायची सवय नसेल तर गुडघ्यावर बसून, ओंडका जाड ठोकळ्यावर ठेवून फोडा, घाव चुकला तर कुऱ्हाड पायाऐवजी जमिनीत जाते. बारीक काड्या अंगठ्याएवढ्या, त्याहून बारीक ढलप्या, आणि बर्चची साल. ही साल म्हणजे तिथला कापूर, ओली असली तरी पेट घेते, काळा धूर सोडत, तडतडत. पण ती फक्त फोडलेल्या लाकडावरची घ्यायची, उभ्या झाडाची साल ओरबाडायची नाही, झाडाला ती जखम जन्मभर राहते.

साल खाली, वर ढलप्या उलट-सुलट, काडी लावायची आणि दार किंचित किलकिलं ठेवायचं, हवा लागते. धुराडं गार असेल तर पहिल्यांदा धूर खोलीत येतो, तेव्हा सालीचा एक छोटा तुकडा वरच्या बाजूला पेटवून धुराडं गरम करा, मग ओढ सुरू होते, आवाज येतो, हूंऽऽ असा, की समजायचं लागली. त्यानंतर एका वेळी दोन-तीन लाकडंच. भट्टी केली तर अर्ध्या तासात सगळे घामाघूम होऊन दार उघडतात आणि लाकूड फुकट जातं. ती लाकडं हिवाळ्यात स्नोमोबाईलने ओढून आणून ठेवलेली असतात, वर्षभर पुरवायची असतात.

आणि आता जे वाचून सोडून द्यायचं नाही ते. झडप लवकर बंद करू नका. ऊब टिकावी म्हणून आत निखारे लाल असतानाच लोक झडप लावतात, आणि कार्बन मोनॉक्साईड खोलीत साठतो, त्याला वास नसतो, झोपेतच माणूस जातो. नवऱ्याने एकदा असंच केलं होतं, मी अर्ध्या तासाने डोकं जड झालं म्हणून उठले, खिडकीपाशी गेले आणि मग लक्षात आलं, दार उघडलं, दोघंही बाहेर बर्फात बसून राहिलो. त्या रात्रीनंतर आमचा नियम: एकही लाल ठिपका दिसत असेल तर झडप उघडीच, थंडी वाजली तर वाजू दे. शंका असेल तर रात्रभर उघडी. आणि आत गॅसचा स्टोव्ह लावलात तर खिडकीची फट ठेवा.

८. रात्र, संडास, आणि बाहेरचं जग

संडास हटपासून थोडा लांब असतो, खड्ड्यावरचा, कोरडा. शेजारी भुसा किंवा साल असते, वापरून झाल्यावर एक डबा टाकायचा. त्यात प्लास्टिक, पॅड, ओले टिश्यू टाकायचे नाहीत, परत घेऊन यायचे. हेडलॅम्प दाराजवळच्या खिळ्याला अडकवून झोपा, रात्री उठायचं झालं तर शोधाशोध नको.

रात्री हट ऐकू येते. या भागात बरीच जुनी बांधकामं केलोच्या लाकडाची आहेत. केलो म्हणजे उभ्याउभ्याच मेलेला पाइन, साल गळून गेलेली, वर्षानुवर्षं वाऱ्यात वाळून चांदीसारखा राखाडी झालेला. ते लाकूड आधीच पूर्ण सुकलेलं असल्यामुळे बांधल्यावर आकसत नाही, ओंडक्यांमध्ये शेवाळ दाबून भरलं की वारा आत येत नाही. भिंतीला हात लावून बघा, बाहेर उणे असतानाही ते लाकूड बोटांना गार लागत नाही.

आसपास रेनडिअर दिसतील. ते जंगली नाहीत, प्रत्येकाचा मालक आहे, कानावर खूण असते. पार्कचा उत्तरेकडचा भाग सामी या तिथल्या मूळ रहिवाशांच्या मुलखात येतो आणि रेनडिअर पाळणं ही तिथल्या माणसांची रोजीरोटी आहे. फोटोसाठी मागे धावू नका, कळप उधळतो. वाटेत कुंपणाचं फाटक लागलं तर उघडून पलीकडे गेल्यावर परत बंद करा.

बेरी तोडायला परवानगी लागत नाही, निळी मुस्तिक्का, लाल पुओलुक्का, दलदलीत पिवळी हिल्ला, पोटभर खा. शेकोटी मात्र ठरवून दिलेल्या जागीच, आणि वणव्याचा इशारा लागू असेल तर उघड्यावर शेकोटी पूर्ण बंद.

काही झालंच तर ११२. निघायच्या आधी फोनमध्ये ११२ सुओमी हे ॲप टाकून ठेवा, त्यावरून फोन केला की तुमचं लोकेशन आपोआप कळतं. रेंज नसेल तर उंचवट्यावर जा. थंडीत फोनची बॅटरी झपाट्याने उतरते, फोन आणि पॉवर बँक अंगाशी, आतल्या खिशात. आणि घरी किंवा मित्राला लिहून द्या की अमुक दिवशी अमुक वाजेपर्यंत मेसेज आला नाही तर फोन कर.

९. निघताना

यासाठी पाऊण तास धरा, बस पकडायच्या घाईत हे राहून जातं.

फळी आणि टेबल पुसा, केर काढा, झाडू आणि सुपली असते. तुमचं उरलेलं मीठ-साखर-नूडल्स "कोणाला तरी उपयोगी पडेल" म्हणून ठेवून येऊ नका, उंदीर येतात. भांडी वापरली असतील तर धुऊन, पुसून, उपडी. बादलीत पाणी ठेवायचं का हे सीझनवर, थंडीत रिकामी करून उपडी ठेवा नाहीतर गोठून फुटते. गॅसचा नॉब बंद. स्टोव्हमधली आग पूर्ण विझलेली.

आणि लाकूड. काल रात्री जेवढं वापरलं तेवढं शेडमधून आणून फोडून स्टोव्हशेजारी रचून ठेवायचं, त्यावर बारीक ढलप्यांची एक जुडी, त्यावर बर्चची साल. पहिल्या ट्रिपच्या सकाळी मी उठले तेव्हा त्या आजी खाली बसून चाकूने ढलप्या काढत होत्या, अगदी एकसारख्या, टोकाला कुरळं केस निघाल्यासारखी लाकडाची वळी ठेवून, म्हणजे काडी लावली की लगेच पेट घेईल. मला वाटलं चहासाठी. चहा तर त्यांनी त्यांच्या स्टोव्हवर केला. त्यांना मी विचारलं तर म्हणाल्या, संध्याकाळी कोणी येईल, बोटं गारठलेली असतील, त्याला चाकू धरता येणार नाही. मी तेव्हापासून ती वळी काढायला शिकलेय, अजून त्यांच्यासारखी जमत नाही पण पेटतात.

शेवटी करवत आणि कुऱ्हाड जागेवर, शेडचं दार लावा, वहीत निघायची वेळ लिहा. खिडक्या बघा. बाहेर आल्यावर हटचं दार ओढून कडी बसली की नाही हे हाताने हलवून बघा, नुसतं ढकललेलं दार रात्रीच्या वाऱ्याने उघडतं, आत बर्फ भरतो आणि लाकूड भिजतं.